अप्पांच्या गाडीची डावी चाकं

चाक रंगवायचं काम मी भीतीपोटी शिकलो. आता सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीची माणसं खरचटलेली अलॉय चाकं घेऊन येतात, मी ती अंगणात बसून घासतो, रंगवतो, आणि मला ते लई आवडतं. कुठं शिकलास, असं कुणी विचारलं तर फोनवर बघून, असं सांगतो. ते खरं आहे, पण अर्धंच.

माझं गाव हिमायतनगरच्या बाजूला. नववीच्या सहामाहीनंतर मी शाळा सोडली. घरच्यांनी सोडायला लावली नव्हती. गणिताच्या तासाला पोटात गोळा यायचा आणि तो मधल्या सुट्टीपर्यंत हलायचा नाही, एवढंच कारण. गावातला एकजण ट्रकवर होता, त्याच्यासोबत लातूरला आलो आणि टायरच्या दुकानात राहिलो. चाक काढायचं, पंक्चर बघायचं, चाक बसवायचं. यष्टीनं गावाकडं जायचं म्हटलं तर अख्खा दिवस जातो, म्हणून सणासुदीलाच जाणं व्हायचं. पोटातला गोळा मात्र माझ्यासोबत लातूरला आला. मालकानं नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

ज्यांच्या घरामागच्या खोलीत मी राहतो ते अप्पा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची सोयाबीन-तुरीची आडत. लिंगायत घर, अप्पा आणि काकू दोघंच, मुली सासरी. खोली बघायला गेलो तेव्हा अप्पांनी दोनच गोष्टी विचारल्या, दारू पितोस का आणि जेवतोस कुठं. पहिल्याला नाही म्हणालो. दुसऱ्याला काही बोललो नाही, तर काकूंनी आतून ताट आणलं. तापानं आठ दिवस पडलो होतो, तेव्हा काकूंनी सख्ख्या लेकरासारखं केलं. असल्या माणसांचं आपल्याकडून काही नुकसान होऊ नये, हे माझ्या मनात कायम असायचं. आणि नेमकं तेच झालं.

माझ्या मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दीडेक महिन्यानं दुसऱ्याचं, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी यष्टीची चौकशी करून राहिलो होतो. अप्पांनी ते ऐकलं आणि गाडीची चावी माझ्यापुढं धरली. म्हणाले, म्हातारं माणूस, धक्के बसतील, गाडी घेऊन जा.

ती गाडी म्हणजे अप्पांचा जीव. पांढरी, घेऊन दोन वर्षं झालेली. रोज मोंढ्यात ते स्कूटरवरच जायचे. गाडी फक्त मुरुडला, रेणापूरला कुणाच्या लग्नाला निघायची. जुन्या धोतराच्या मऊ कापडानं ते स्वतः ती पुसायचे, आणि चाकांच्या आऱ्यांमधून बोट फिरवून धूळ काढायचे.

जाताना सगळं नीट झालं. मायला आणलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ती चार दिवस माझ्या खोलीत राहिली. तिला गावाकडं सोडायला निघालो, तेव्हा नांदेडात चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेला उथळ नाली, तिला लागूनच उंच फुटपाथ. मायच्या डोळ्यावर पट्टी. तिला नालीवरून पाय टाकायला नको, थेट फुटपाथवर उतरता यावं, म्हणून मी गाडी कडेला घेत गेलो, अजून थोडी, अजून थोडी. खर्रर्र असा आवाज आला.

माय म्हणाली, "काय वाजलं रे?"

मी म्हणालो, काही नाही.

खाली उतरून बघितलं. डावीकडची दोन्ही चाकं, पुढचं आणि मागचं, कडेनं खरवडून निघाली होती. वीतभर लांब, मांजरानं नख्या ओढाव्यात तशी. माझ्या हातून दुकानात हजारो चाकं गेली असतील, पण असा ओरखड्याकडं बघत मी कधी उभा राहिलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी एकटा परत येताना लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि सगळ्या रस्त्यानं मी अप्पांना काय सांगायचं ते पाठ करत होतो. आधी असं म्हणायचं, मग तसं म्हणायचं. घरी पोचलो, गाडी लावली, मायनं दिलेली पिशवी डिकीतून काढून वळलो, तोवर अप्पा चाकापाशी उकिडवे बसलेले.

"कुठं घासली?"

"नांदेडात. फुटपाथला."

त्यांनी मान हलवली. मायचा डोळा कसा आहे विचारलं. बरा आहे म्हटल्यावर उठून आत गेले. बस. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

अप्पा बोलणारा माणूस आहे. हमालाला बोलतात, टीव्हीला बोलतात, भाजीत मीठ कमी पडलं तर काकूंना बोलतात आणि वर चार ऐकून घेतात. ते बोलले असते तर मी मोकळा झालो असतो. ते गप्प बसले, आणि माझ्या पोटातला गोळा परत वर आला. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख दसऱ्यानंतरची दिली होती. आता कोणत्या तोंडानं गाडी मागायची? न मागावी तर मायला दोन यष्ट्या बदलून, गर्दीत उभं करून आणायचं. मायला सारखी विचारायची सवय. फोनवर रोज एकच, ती गाडी पुन्हा मिळंल का रे? मी हाव म्हणायचो, आणि फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटायची.

शेवटी एका सकाळी अप्पा स्कूटर काढत होते, तेव्हा मी म्हणालो की चाकं मी रंगवून देतो, घरीच, पहिल्यासारखी.

"तुला येतंय?"

"येतंय."

मला येत नव्हतं. आमच्या दुकानात टायरपुरतं काम; रंगाला कुणी हात लावत नाही. अप्पांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "खंडेनवमीला गाडी पूजेला पाहिजे. चाकासहित."

सहा दिवस होते. मालकाकडून दुपारनंतरची सुट्टी आणि एक जॅक मागून घेतला. गाडीची डावी बाजू उचलून खाली लाकडी ठोकळे दिले आणि दोन्ही चाकं अंगणात आणली. फोनवर एक हिंदी बोलणारा माणूस सगळं दाखवत होता. तो सांगेल तसं मी करत गेलो. आधी साबणानं धुवायचं. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटचा तर पाण्यात भिजवून. ओरखड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळू द्यायची, परत घासायची. मग प्रायमर, मग चंदेरी रंग, मग वरून चमक येणारं लॅकर. तो माणूस हे सगळं दहा मिनिटांत करायचा. मला नुसतं घासायलाच दोन दुपारी गेल्या.

पण त्या दोन दुपारी मला आजही आठवतात. ओला कागद चाकाच्या कडेवरून गोल गोल फिरवत राहायचं. आधी बोटाला ओरखडा लागतो, मग कमी लागतो, मग डोळे मिटून बोट फिरवलं तर कळतच नाही तो कुठं होता. शाळेत मला कुठलीच गोष्ट अशी पुरी झाल्याचं कधी कळलं नव्हतं. इथं बोटालाच कळत होतं. हात चालू असले की पोटातला गोळा कुठं जातो कोण जाणे.

काकू पायरीवर तूर निवडत बसायच्या आणि माझ्यावर नजर ठेवायच्या. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं, तेव्हा धुवायला पाणी काढलं की त्यांचा जीव खालीवर. शेवटी भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी त्या माझ्यासाठी एका बादलीत साठवू लागल्या. चाकाला तांदळाचं पाणी, म्हणायच्या, उद्या त्याला केस येतील. मी आमच्या गावच्या बोलीत काही करून राहिलो म्हटलं की माझी नक्कल करायच्या: "बघा, राहिला हा. किती दिवस राहणार हाय?" आणि मग स्वतःच आपल्या लातुरी बोलीत, "काय करलालास रे आता?" म्हणून पुढं वाकून बघायच्या.

टायर न काढता रंग मारायचा तर टायर आणि चाक यांच्या फटीत जाड कागदाचे तुकडे खोचावे लागतात, म्हणजे रंग रबरावर जात नाही. काकूंनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणून दिला. आडत दुकान म्हटलं की पत्रिकांना तोटा नाही. पण त्याआधी त्यांनी एकेक पत्रिका उघडून देवाचं चित्र असलेल्या सगळ्या बाजूला काढल्या. देव चाकात खोचायचा नाही. उरलेल्या मी कापल्या. चाकाभोवती नवरा-नवरींची नावं अशी गोल उभी राहिली, की काकू म्हणाल्या, बघ, किती जणांची लग्नं लावलीस, तुझंच तेवढं राहिलं.

अडचण निघाली ती भुशाची. दसऱ्याच्या तोंडावर सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, सुरू असते, सगळ्या हवेत बारीक भुसा. त्यात अप्पा मोंढ्यातून आले की त्यांच्या सदऱ्यावरून, टोपीवरून तोच झडायचा. पहिला रंग मारला आणि तासाभरात त्यावर तीळ लावल्यासारखं झालं. परत घासलं. दुसऱ्या खेपेला मी माझी मच्छरदाणी अंगणात दोऱ्यांनी बांधली, चाकं आत घेतली, तोंडाला रुमाल बांधला आणि आत बसून फवारलं. अप्पा दारातून बघत होते. मला म्हणाले काहीच नाहीत. काकूंना मात्र विचारलं, की चाकांना डास चावतात काय. ती मच्छरदाणी आजही एका बाजूनं चंदेरी आहे.

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी चाकं तयार झाली. खरंच तयार झाली. उजवीकडच्या चाकांशेजारी ठेवली तर कोणती घासलेली आणि कोणती नाही हे मलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी ती गाडीला बसवली, ठोकळे काढले, जॅक काढला. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

पण मी परत एकदा वाकून बघितलं. पुढच्या चाकाच्या कडेला एक कण दिसला. मोहरीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. मी उठलो, चार पावलं गेलो, परत आलो. अप्पांना दिसला तर? मी तो कण बारीक पेपरनं काढला, आणि तिथं फिकट दिसतंय म्हणून सगळ्या चाकावर लॅकरचा अजून एक हात मारला. जाडच मारला. डबा संपेपर्यंत मारला. चकाकत होतं. मला समाधान वाटलं आणि मी जेवायला गेलो.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा. काकूंची पूजा म्हणजे घरात जे फिरतं आणि जे कापतं ते सगळं. विळी, शिलाई मशीन, मिक्सर, अप्पांचा मोंढ्यातला तराजू, स्कूटर. पहाटे अंघोळ करून ओल्या केसांनी त्या भस्म कालवलेली वाटी घेऊन निघतात आणि प्रत्येक वस्तूवर तीन बोटांनी आडवे पट्टे ओढतात. हे मला ठाऊक होतं. दरवर्षी बघत आलो होतो. तरी डोक्यात आलं नाही.

मी दात घासत अंगणात आलो तर गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर भस्माचे तीन पट्टे. बाकीच्या तीन चाकांवर पट्टे वरवर बसलेले, सुंदर. याच्यावर मात्र बोटं आत रुतलेली. वरून कोरडं वाटलेलं लॅकर आत सायीसारखं मऊ होतं. काकूंची तीन बोटं त्यात नांगर फिरावा तशी फिरली होती, आणि त्या चरांमध्ये भस्म बसलं होतं.

काकू मागं उभ्या होत्या. बोटं पदराला पुसत म्हणाल्या, "चिकटलं रे मला. तुपासारखं लागलं. म्हटलं तू काही लावलंस पूजेसाठी."

माझ्या तोंडात मंजन होतं म्हणून मी बोललो नाही. मग चूळ भरली आणि म्हटलं, हरकत नाही, अप्पांची अंघोळ होईस्तोवर घासून टाकतो. पेपर शोधायला गेलो. पेपर नव्हते. देवघरासमोर पाटावर माझा व्हीलपाना, मालकाचा जॅक, पॉलिश पेपरांची चळत, रंगाचे रिकामे डबे हे सगळं ओळीनं मांडलेलं. वर भस्म, वर बेलाचं पान, वर झेंडूचं फूल.

"तुझीबी हत्यारं हायत ना ती," काकू म्हणाल्या.

आणि पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उठवायचं, तोवर नाही. मी काकूंकडं बघितलं. त्यांना माझी अडचण कळत होती, त्यांचं तोंडच उतरलं होतं, पण पाटावरून पेपर उचल म्हणणं त्यांना शक्य नव्हतं आणि उचलणं मला. ज्या बाईनं माझ्या जॅकला आपल्या घरच्या विळीशेजारी बसवलं, तिच्यासमोर मी ते फूल बाजूला कसं करणार?

तेवढ्यात अप्पा आले. अंघोळ करून, कपाळाला भस्म. सरळ डाव्या चाकापाशी गेले आणि बसले.

मी तोंड उघडायच्या आधी काकू म्हणाल्या, "माझी बोटं हायत ती. त्याला काही बोलू नका."

अप्पांनी आपली तीन बोटं त्या तीन चरांवर ठेवून बघितली. मग मला विचारलं, "वाळलं नव्हतं का?"

"वाळलं होतं. संध्याकाळी परत एक हात मारला."

"कशाला? आधीचं बरं नव्हतं?"

"बरं होतं."

"मग?"

शेवटी जे होतं ते बोललो. "भ्या वाटलं, अप्पा. मायच्या दुसऱ्या डोळ्याला गाडी मागायची हाय. चाक खराब दिसलं तर तुम्ही देणार न्हाई, असं वाटलं."

काकू म्हणाल्या, "यांनी गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात फाटकाला दार घासलं होतं. विचार त्यांना. गल्लीभर सांगितलं, शेजारच्या म्हशीनं शिंग मारलं म्हणून."

"म्हैस होतीच तिथं," अप्पा म्हणाले.

"म्हैस रस्त्यापलीकडं होती."

अप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. म्हणाले, त्या दिवशी मी गप्प बसलो ते दुसऱ्याला कोणत्या तोंडानं बोलू म्हणून. मग जरा थांबून, "चाकाचा आणि मायच्या डोळ्याचा काय संबंध रे? कधी आणायचं तिला? मीबी येतो संगं."

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी हेही कळलं, की संगं येतो म्हणजे नजर ठेवायला येतो. दोन्ही खरं होतं. मला दोन्ही चालत होतं.

दसऱ्याला काकूंनी स्वतः पाटावरचे पेपर उचलून माझ्या हातात दिले. मी ते चाक परत घासलं, परत रंगवलं. या वेळी अप्पांनी अट घातली की चार दिवस गाडीकडं फिरकायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. ते चार दिवस मला अवघड गेले, पण चाक वाळलं. एवढी एकच गोष्ट त्या फोनमधल्या माणसानं सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल आणि मी घाईत पुढं गेलो असेन.

डॉक्टरांच्या तारखेआधी आम्ही पहाटेच निघालो. मी चालवायला, अप्पा शेजारी, काकूंनी बांधून दिलेल्या धपाट्यांचा डबा त्यांच्या मांडीवर. लातूरच्या बाहेर पडेपर्यंत अप्पा तीनदा हळू म्हणाले. पुढं डावीकडं दगड आहे, उजवीकडं कुत्रं आहे, पुढं पूल आहे. मला दिसत असलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी मला सांगितली. नांदेडात चहाला थांबलो तर मी फुटपाथपासून इतकी लांब गाडी लावली, की अप्पा दार उघडून म्हणाले, "इथून तिकडं जायला रिक्षा करावी लागती काय?"

दुपारी गावात पोचलो. माय दारात उभी होती. एका डोळ्यानं तिला आता लांबचं दिसत होतं, आणि तिनं पहिल्यांदा मला नाही, अप्पांना बघितलं. इतका मोठा माणूस आपल्याला न्यायला आला म्हणून तिला काय करावं कळेना. पदर सावरून नुसती उभी. चहा झाला, वरण-भाकरी झाली. अप्पा बाजेवर बसून म्हणाले, "आक्का, तुमचं पोरगं गाडी नीट चालवतंय. मी सकाळपासून बघलालाव."

माय म्हणाली, "भित्रं हाय ते, लहानपणापासून."

"असू द्या की," अप्पा म्हणाले. "भिणाऱ्याच्या शेजारी बसलं तर माणूस घरी तरी पोचतंय."

निघताना माय सवयीनं मागच्या दाराशी गेली. अप्पांनी पुढचं दार उघडून धरलं. म्हणाले, एवढा डोळा करून घेतला, आता रस्ता तरी बघा. ते स्वतः मागं बसले. माय पुढं बसली, दोन्ही हात मांडीवर, पाठ सीटला न टेकवता. गाव सुटल्यावर ती एकेक गोष्ट वाचल्यासारखी सांगू लागली: ते कापसाचं रान, ते बाभळीचं झाड, ती बाई डोक्यावर काय घेऊन चालली बघ. मी हाव हाव म्हणत होतो.

मागून हळू, दगड, पूल असं काही येईना. भोकर यायच्या आधी मी आरशात बघितलं. अप्पांची टोपी मांडीवर होती, मान एका बाजूला कलली होती, आणि ते चक्क घोरत होते.